बाहेरनं सोनेरी, आतनं बर्फ: फ्रोजन स्प्रिंग रोलचं एअर फ्रायरमध्ये नेमकं होतं काय

एअर फ्रायर घरात आला त्याच दिवशी मी त्यात फ्रोजन स्प्रिंग रोल टाकले होते, कारण फ्रीजरमध्ये तेवढंच होतं. पाकिटावर तळायची आणि ओव्हनची कृती होती, एअर फ्रायरचं नावच नाही. मग आपलं अंदाजपंचे २०० वर ठेवलं आणि सहा मिनिटांनी बास्केट ओढली. रंग असला भारी आला होता की आधी फोटो काढला आणि मग एक जाडजूड रोल मधोमध कापला. रॅपर करकर वाजलं, कडेच्या सारणातनं वाफ आली, आणि बरोब्बर मध्ये, कोबीच्या धाग्यांमध्ये अडकलेला पांढरा बर्फाचा ठिपका! बहीण शेजारीच उभी होती. म्हणाली, "तायडे, हा स्प्रिंग रोल आहे की आईस्क्रीम?"

पुढच्या वेळी घाबरून पंधरा मिनिटं ठेवले, तर चारातले दोन फुटले आणि उरलेल्यांची टोकं लाकडासारखी कडक झाली. तेव्हा मी मशीनला शिव्या घातल्या. खरं तर मशीनची काही चूक नव्हती, मला ते मशीन करतं काय हेच माहीत नव्हतं. ते एकदा कळलं की कृती पाठ करावी लागत नाही, म्हणून आज जरा तेच सांगते.

पहिली गोष्ट, नावावर जाऊ नका, एअर फ्रायरमध्ये काहीच तळलं जात नाही. तो एक छोटासा पंख्याचा ओव्हन आहे, बास. वर तापणारी कॉइल, तिच्या जवळच जोरात फिरणारा पंखा, आणि खाली भोकाभोकांची बास्केट, म्हणजे गरम हवा वरनं येते, रोलच्या आजूबाजूने जाते, खालच्या भोकांतनं फिरून परत वर. फिलिप्सने २०१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात हे मशीन एअरफ्रायर या नावाने आणलं आणि नाव जगभर चिकटलं. पण पंख्याने गरम हवा फिरवून गोठलेलं अन्न गरम करायची आयडिया बरीच जुनी. विल्यम मॅक्सन नावाच्या अमेरिकन माणसाने १९४५ च्या सुमारास विमानात फ्रोजन जेवण गरम करायला पंखा लावलेला ओव्हन बनवला होता, त्याचं नाव व्हर्लविंड, म्हणजे वावटळ. म्हणजे बघा, फ्रोजन पाकीट आणि गरम वारा ही जोडी आजची नाहीच.

आता पंख्याने असा काय फरक पडतो? ओले कपडे आठवा. बंद खोलीत दोरीवर टाकले तर दिवसभर दमट राहतात, पंखा लावला की दोन-चार तासांत वाळतात, खोली मात्र तेवढीच गरम असते. कारण कपड्याला चिकटून एक ओलसर हवेचा थर बसलेला असतो आणि पंखा तो सारखा उडवून लावतो. रोलचंही तसंच. फ्रीजरमधनं काढलेला रोल स्वतःभोवती गार दमट हवेची शाल पांघरून बसतो, आणि साध्या ओव्हनमध्ये ती शाल बराच वेळ तशीच राहते. एअर फ्रायरचा पंखा ती ओढून काढतो. म्हणून माझ्या मते याला एअर फ्रायर म्हणण्यापेक्षा एअर ड्रायर म्हणायला हवं होतं, पण मग कुणी विकत घेतला नसता.

तरीही हवा ती हवाच. २०० डिग्रीच्या ओव्हनमध्ये तुम्ही क्षणभर हात घालून ट्रे ओढू शकता (कशाला हात लागला नाही तर), पण १०० डिग्रीच्या उकळत्या पाण्यात बोट बुडवायची हिंमत कुणी करत नाही. आकडा दुप्पट असूनही हवा उष्णता हळू देते. तेल तर पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं आणि रोलला चारी बाजूंनी चिकटतं, म्हणून कढईत चार-पाच मिनिटांत जे होतं त्याला इथे दुप्पट वेळ लागतो. त्यात घाई केली की माझ्यासारखं आईस्क्रीम होतं.

आणि आता खरा मुद्दा, जो मला दोनदा पचका झाल्यावर कळला. सगळा खेळ पाण्याचा आहे. रोल क्रिस्पी व्हायचा म्हणजे रॅपरमधलं पाणी जायला पाहिजे. रॅपरवर पाणी आहे तोवर त्याचं तापमान १०० च्या आसपासच घुटमळतं, तुम्ही मशीन २०० वर ठेवा नाहीतर अजून काही करा, कारण येणारी सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. ते पाणी उडालं की मगच पृष्ठभाग वर चढतो आणि साधारण १४० डिग्रीच्या पुढे रंग धरायला लागतो. या रंग येण्याला मेयार रिअ‍ॅक्शन म्हणतात, लुई कामिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ती पहिल्यांदा मांडली. पीठातली प्रथिनं आणि साखरेचे अंश गरम होऊन एकमेकांशी जमवतात आणि त्यातनंच तो खमंग वास येतो. सोनेरी रंग म्हणजे रॅपर वाळल्याची पावती. आत काय चाललंय याच्याशी त्या पावतीचा काडीचा संबंध नाही! माझी पहिली फसगत इथेच झाली.

कारण आतमध्ये बरोबर उलटं काम आहे. तिथलं पाणी राहायला पाहिजे, फक्त बर्फाचं पाणी होऊन ते गरम व्हायला पाहिजे. आणि बर्फ हा भयंकर उष्णताखाऊ प्रकार आहे. शून्य डिग्रीचा बर्फ वितळून शून्य डिग्रीचंच पाणी व्हायला जेवढी उष्णता लागते ना, तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यावरनं ८० डिग्रीपर्यंत तापलं असतं. म्हणजे वितळेपर्यंत मधला भाग उष्णता नुसती गिळत बसतो, तापमान जागचं हलत नाही. तोपर्यंत बाहेरचं पातळ रॅपर वाळून, रंग येऊन, काळं व्हायच्या वाटेला लागलेलं असतं.

म्हणजे ही शर्यत आहे, बाहेरचं वाळणं विरुद्ध आतलं वितळणं, आणि दोघांनी एकाच वेळी पोचायला पाहिजे. ढोबळ मानाने तापमानाचं बटण बाहेरच्याला पळवतं आणि टायमर आतल्याला. रोल बोटाएवढा बारीक असेल तर आतलं अंतरच कमी, मग २०० वर सात-आठ मिनिटं बेधडक. जाडजूड असेल तर बाहेरच्याला जरा आवरायचं, १८० वर दहा-बारा मिनिटं, मध्ये एकदा उलटवायचे, आणि तरी रंग कमी वाटला तर शेवटची दोन मिनिटं २०० वर. मी अजूनही जाड रोल असेच करते. सुरुवातीपासनं २०० ठेवून लक्ष ठेवत बसण्यापेक्षा हे बरं.

आता कुणी म्हणेल एवढी शर्यत कशाला, रोल आधीच बाहेर काढून ठेवू, बर्फ आपोआप वितळेल. हे मीही केलंय. आगीतून फुफाट्यात! रोल फ्रीजरमध्ये उणे १८ डिग्रीला असतो तेव्हा रॅपर कडक आणि कोरडं असतं. बाहेर ठेवला की वरचं दव वितळतं, खोलीतली दमट हवा त्यावर अजून पाणी आणून बसवते, सारणातलं पाणी आतनं झिरपतं, आणि ते कागदासारखं रॅपर दोन्हीकडनं भिजतं. उचलायला गेलं की ताटाला चिकटून फाटतं. आणि जे पाणी आपल्याला रॅपरमधनं घालवायचंय तेच आपण त्याला पाजून ठेवलेलं असतं. त्यामुळे फ्रीजरमधनं थेट बास्केटमध्ये. रोल एकमेकांना चिकटले असतील तर सुरीने उचकटू नका, टोक तुटतंच. गठ्ठा तसाच दोन मिनिटं गरम बास्केटमध्ये ठेवायचा, मग हलक्या हाताने सुटतात.

पाकिटात पांढरं दव खूप जमलंय का तेही बघून घ्या. ते बहुतेक रोलमधनंच निघालेलं पाणी असतं. फ्रीजरचं तापमान खालीवर होत राहिलं की अन्नातलं पाणी हळूहळू बाहेर येतं आणि पाकिटाच्या आत बर्फ होऊन बसतं. असे रोल खराबच असतील असं नाही, पण टोकं आधीच सुकलेली असतात आणि लवकर जळतात. वरचं दव कोरड्या कागदाने पटकन झटकून टाकायचं, नाहीतर ते वितळून परत रॅपरवरच येणार.

इथे एक गोष्ट, जी मला वाटतं सगळ्यात महत्त्वाची आहे आणि कुणी सांगत नाही. फ्रोजन स्प्रिंग रोल दोन जातीचे येतात. एक कारखान्यात आधीच थोडे तळून मग गोठवलेले आणि दुसरे कच्चे, नुसते गुंडाळून गोठवलेले. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. नसेल तर रोलकडे नीट बघा. आधी तळलेला असेल तर रंग पिवळसर असतो, अंगावर बारीक बारीक फोड असतात आणि बोटाला किंचित तेलकट लागतो. कच्चा असेल तर पांढरट, गुळगुळीत, हात लावला की पिठूळ. तळलेल्याच्या रॅपरमध्ये तेल आधीच मुरलेलं आहे, त्याला वरनं तेल नाही लावलं तरी चालतं. कच्च्याला मात्र लागतंच लागतं, आणि "एअर फ्रायर घेतलाय तर तेल कशाला" या हट्टापायी बिनतेलाचा केला तर तो पांढराफटक, कडक आणि चावायला पुठ्ठ्यासारखा होतो.

का? कारण तेल नुसतं चवीला नसतं. रॅपरचा पृष्ठभाग डोळ्यांना सपाट दिसला तरी खडबडीत असतो, हवा त्याच्या बारीक खाचांमध्ये नीट पोचत नाही. तेलाचा पातळ थर त्या खाचा भरतो आणि उष्णता सगळीकडे सारखी पसरवतो. शिवाय तेल १०० डिग्रीला उकळून उडून जात नाही, त्यामुळे पाणी गेल्यावर रॅपर समान तापतं आणि एकसारखा रंग येतो. नाहीतर कुठे डाग, कुठे पांढरा. पण म्हणून नमनाला घडाभर तेल नको. सहा-आठ रोलना एक छोटा चमचा पुरतो, ब्रशने सगळीकडून, टोकांना विसरू नका. जास्तीचं तेल भोकांतनं खाली ट्रेमध्ये जातं आणि तिथे तापून धूर करतं. दाबायच्या कॅनमधले कुकिंग स्प्रे मी वापरत नाही. त्यातल्या बऱ्याच प्रकारांत तेलाशिवाय बाकीचेही घटक असतात आणि त्यांचा चिकट पिवळा थर बास्केटच्या कोटिंगवर बसतो, घासूनही जात नाही. साधी तेल भरायची स्प्रे बाटली चालते.

तांदळाच्या पारदर्शक कागदाचे रोल हा तिसराच प्रकार. त्यांना वरची गणितं लागू करू नका. ते सुरुवातीला गोंदासारखे चिकट होतात, एकमेकांना लागले तर संपलं. तेल जरा सढळ, अंतर जास्त, आणि पहिली पाच-सहा मिनिटं अजिबात हलवायचे नाहीत. तरी कढईसारखा फुगीर कुरकुरीतपणा येत नाही, हे आधीच मान्य करून बसा.

मांडणीबद्दल फार काही नाही. एकच थर, रोलमध्ये बोटभर जागा, एवढंच. परत त्या कपड्यांकडे जाऊया. दोरीवर एकावर एक टाकलेले कपडे मधनं ओलेच राहतात की नाही? तसंच रोल जिथे रोलला चिकटतो तिथे पांढरा आणि मऊ पट्टा राहतो, कापायची गरजच नाही, वरनं दिसतो. पाहुणे आले म्हणून वीस रोल कोंबायचा मोह होतो, पण दोन घाणे करा. दुसरा घाणा एखाद मिनिट आधीच होतो कारण मशीन तापलेलं असतं, तेवढं लक्षात ठेवा नाहीतर दुसरा घाणा हमखास करपतो. जोडाची बाजू खाली ठेवायची म्हणजे रोलच्या वजनानेच ती दाबून राहते. अर्ध्यावर उलटवेपर्यंत ती चिकटून कडक झालेली असते. उलटवायचं कारण अर्थात कॉइल वर आहे म्हणून, वरची बाजू नेहमी पुढे असते.

मशीन आधी तापवायचं की नाही यावर लोक भांडतात. मोठा पदार्थ पाऊण तास भाजायचा असेल तर तीन मिनिटांनी काय फरक पडतो, पण इथे अख्खा कारभारच दहा मिनिटांचा आहे. थंड मशीनमध्ये टाकले तर पहिली दोन-तीन मिनिटं रॅपरवरचं दव नुसतं वितळत बसतं, उडत नाही. म्हणून मी तीन मिनिटं तापवते. फक्त तापवताना आत बेकिंग पेपर ठेवू नका, कधीच नाही. त्यावर वजन नसेल तर पंखा तो उचलून थेट कॉइलवर चिकटवतो आणि कागद पेटतो. रोल ठेवूनही कागद नकोच असं माझं मत, भोकंच बुजवली तर खालनं हवा जाणार कुठून?

मध्येच ड्रॉवर उघडून बघितलं तर चालतं का? चालतं, बिनधास्त बघा. हवा थोडीशीच असते, लगेच परत तापते.

आता फुटण्याचं. सारणात कोबी, गाजर वगैरे, म्हणजे बहुतेक पाणीच. पाण्याची वाफ झाली की तिला मूळ पाण्याच्या १६०० पटीपेक्षा जास्त जागा लागते. एवढी वाफ त्या नळीत मावणार कशी, ती वाट शोधते, आणि जिथे गुंडाळी सैल तिथनं, बहुतेक टोकाकडनं, फाडून बाहेर पडते. पण हे व्हायला आतलं सारण उकळण्यापर्यंत पोचावं लागतं. म्हणजे फुटलेला रोल सांगतो की तुम्ही शर्यत संपल्यावरही पळवत राहिलात. उलट टोकाशी थोडासा ओलावा बुडबुडतोय, बारीक चर्र आवाज येतोय, ही मला हवी असलेली खूण. तेव्हा मी एक-दीड मिनिटात काढते.

झाला की नाही हे रंगावर ठरवू नका हे सांगून झालंय, पण आत चिकन, पोर्क, कोळंबी असलं काही असेल तर हा चवीचा प्रश्न राहतच नाही. सगळ्या फ्रोजन रोलमधलं सारण आधी शिजवलेलं असतं असं बिलकुल समजू नका. अमेरिकेतल्या अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे चिकनचा आतला भाग ७४ डिग्रीला पोचायला हवा. मी सगळ्याच रोलना तोच आकडा धरते. टोचायचा थर्मामीटर टोकातनं लांबीच्या दिशेने आत घालायचा, आडवा टोचला तर तो पातळ रॅपर पार करून दुसरीकडे निघतो आणि हवेचं तापमान दाखवतो. थर्मामीटर नसेल तर सगळ्यात जाड रोलचा बळी द्या. मधोमध कापा, वाफ मध्यातनं आली पाहिजे, कडेनं नाही.

आणि रंग सोनेरीवर थांबवा. पिठाचे पदार्थ १२० डिग्रीच्या वर कोरडे तापले की त्यात अ‍ॅक्रिलामाइड नावाचं द्रव्य तयार होतं, स्वीडनच्या संशोधकांनी २००२ मध्ये हे दाखवलं तेव्हा बरीच खळबळ झाली होती. जितका गडद रंग तितकं ते जास्त. एखाददुसरा रोल करपला म्हणून घाबरायचं कारण नाही, पण मुद्दाम चॉकलेटी करायची पण गरज नाही.

काढल्यानंतरची चूक मात्र सगळेच करतात. इतकं करून रोल ताटात एकावर एक रचायचे, वर झाकण, "गार नको व्हायला." अहो, आतलं सारण अजून वाफ सोडतंय, ती वाफ झाकणाला लागून पाणी होऊन परत रॅपरवर! तेलही गेलं तूपही गेलं. जाळीवर, एकेकटे, उघडे ठेवा. तसंही पंधरा-वीस मिनिटांत मऊ पडायला लागतात, कारण आतलं पाणी हळूहळू कोरड्या रॅपरकडे सरकतंच. उरलेले मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका. तिथे सारण आधी तापतं आणि बाजूची हवा गारच राहते, मग आतली वाफ रॅपरमध्येच अडकते. परत एअर फ्रायरमध्येच १७० वर तीन-चार मिनिटं ठेवा, बर्फ नाहीये त्यामुळे शर्यतही नाही.

पाकिटावर ओव्हनचीच कृती असेल तर तापमान २० डिग्रीने कमी धरा आणि वेळ साधारण पाव भागाने कमी, मग तिथनं पुढे डोळ्यांनी. आकडा ४०० वगैरे दिसला तर तो फॅरनहाइट आहे, म्हणजे आपले २०० च्या जरा वर.

माझ्या फ्रीजच्या दारावर आता एक चिठ्ठी आहे: जाड, १८०, ११ मिनिटं, शेवटी २०० वर २. परवा बहिणीने तिचा फोटो काढून नेला आणि दोन दिवसांनी मेसेज आला, "तायडे, माझ्याकडे अकरा मिनिटांत करपले." तिचं मशीन छोटं, पंखा जोराचा आणि कॉइल रोलच्या डोक्यावरच. तिने आता ११ खोडून ९ लिहिलंय.